कोनशिलेवर तुमचं नाव नाही, म्हणून हे पत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या चॅपेलच्या कोनशिलेवर बिशपांचं नाव आहे, प्रमुख धर्मगुरूंचं आहे, तारीख आहे. तुमचं नाव तुम्ही घालू दिलं नाहीत. "एवढ्या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर एकट्याचं नाव कसं घालायचं?" असं म्हणालात आणि पुढच्या विषयाकडे वळलात. मी बांधकाम समितीची सचिव होते, इतिवृत्तात तेवढंच एक वाक्य लिहून ठेवलं. तुमच्या शब्दाला मान देऊन मी नाव इथेही घालत नाही. पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

तुम्ही येण्याआधी आमच्याकडे एक नकाशा तयार होता. दुसऱ्या एका आर्किटेक्टने तो काढून दिला होता. संगणकावरचं रंगीत चित्र, वर घुमट, पुढे संगमरवरी पायऱ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीही. तुम्ही ते चित्र शांतपणे पाहिलंत आणि एकच विचारलंत, "यात रविवारी उशिरा येणारी माणसं कुठे उभी राहणार?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

वसईत चर्च काही कमी नाहीत. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे होते. त्यांनी बांधलेली उंच, लांबट, जाड भिंतींची चर्च पाहतच आम्ही वाढलो. चर्च म्हणजे असंच, हे डोक्यात इतकं पक्कं की आमच्या आळीच्या छोट्या चॅपेललाही आम्ही त्याच मापाचे कपडे शिवायला निघालो होतो. तुम्ही पहिल्या बैठकीला आराखडा आणलाच नाहीत. आणलात तो एक झेरॉक्स कागद, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयी काढलेल्या दस्तऐवजातला एक परिच्छेद. चर्च बांधताना लोकांना उपासनेत सक्रिय भाग घेता येईल हे पाहावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुम्ही विचारलंत, "वेदी भिंतीपासून सुटी करून साठ वर्षं होत आली. धर्मगुरू लोकांकडे वळले. मग लोक अजून आगगाडीच्या डब्यासारखे एकामागे एक का बसतात?" फादर हसले आणि म्हणाले, "हे मी सेमिनरीत शिकलो, पण मला कुणी विचारलं नव्हतं."

त्याच बैठकीत तुम्ही चार्ल्स मूर या अमेरिकन आर्किटेक्टची गोष्ट सांगितलीत. कॅलिफोर्नियात पॅसिफिक पॅलिसेड्स इथे सेंट मॅथ्यूज नावाचं एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाचं, चर्च आहे. जुनी इमारत 1978 च्या वणव्यात जळली. मंडळींनी अट घातली की दोन-तृतीयांश सभासदांनी मान्य केल्याशिवाय नवा आराखडा पुढे जाणार नाही. मूर आणि त्यांचे सहकारी घाबरले नाहीत. त्यांनी लोकांनाच आराखड्याला बसवलं. सगळ्यांना आधी जागेवर फिरवलं आणि मग रंगीत कागद, सेलोफेन, नाश्त्याच्या सिरियलची कडी, कोथिंबिरीसारखी पार्स्ली असं हाताला लागेल ते देऊन चर्चची प्रतिकृती करायला लावली. काहींना झाडं दिसावीत म्हणून काचेच्या भिंती हव्या होत्या, तर संगीतवाल्यांना आवाज घुमावा म्हणून भरीव भिंती आणि उंची हवी होती. ही ओढाताण मूर यांनी लपवली नाही, तिच्यातूनच इमारत काढली. 1983 मध्ये चर्च पूर्ण झालं. विद्यार्थी असताना तुम्ही हे वाचलंत आणि त्यानंतरची तुमची सगळी वर्षं या एकाच कामाला दिलीत. लहान चॅपेलं, जुन्या चर्चमधल्या वेद्या, दफनभूमीच्या कमानी. या कामात ना पैसा ना प्रसिद्धी, हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण तुम्ही कधी बोलला नाहीत.

आमच्याकडे पार्स्ली नव्हती. तुम्ही चिंचोके, काडेपेट्या, केळीची सोपटं आणि सुतळी मांडलीत. पहिल्या तासात पुरुष मंडळी लांबच उभी राहिली. हात घातला तो कन्फर्मेशनच्या संस्काराची तयारी करणाऱ्या पोरांनी. मग एकेक जण येऊन टेकला. सात टेबलांपैकी पाच टेबलांवर एक गोष्ट सारखीच आली होती, तीन बाजूंनी रुंद पडवी. कुणीही कुणाचं बघून केलं नव्हतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मला तो क्षण अजून दिसतो. नंतर म्हणालात, "हे तुमचं खरं चर्च. आतली खोली ही पडवीला जोडलेली आहे, पडवी खोलीला नाही."

माझी आई त्या दिवशी बाहेर बाकावर बसली होती. गुडघ्यांमुळे जुन्या चॅपेलच्या तीन पायऱ्या तिला चढवत नसत, म्हणून नऊ वर्षं ती मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बाहेरूनच ऐकत आली होती. आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. तुम्ही खाली उकिडवे बसून तिच्याशी अर्धा तास बोललात. तिचं सगळं कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत, तुम्हाला निम्मं कळत नव्हतं, मी मध्ये सांगायला लागले तर हाताने थांबवलंत. नंतर मला विचारलंत, "आई आत का येत नाहीत?" मी सांगितलं, पायऱ्या. तुम्ही टेप काढून जोत्याची उंची मोजलीत. दीड फूट. "एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. म्हणजे अठरा फूट. आपल्याकडे जागा आहे." बस, एवढंच. नऊ वर्षांचा प्रश्न अठरा फुटांत सुटला.

बैठकीच्या रचनेवरून मात्र फार वाद झाले. तुम्ही शाळेच्या मैदानात फक्की मारून चॅपेलचा खरा आकार आखलात आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सलग तीन रविवार तीन प्रकारे मिस्सा करवलीत. वेदीच्या तीन बाजूंनी बसायला बायकांना आवडलं, म्हाताऱ्यांना नाही. "समोरच्याची तोंडं दिसली की लक्ष उडतं," असं त्यांचं म्हणणं. मूर यांच्या मंडळींची दोन-तृतीयांशाची अट आपणही घेतली होती. पहिल्या मतदानात ती भरायला चार मतं कमी पडली. फादर बहुमतावर पुढे जायला तयार होते. तुम्ही नाही म्हणालात. घरी जाऊन बाकांचा कोन बदललात, बाजूचे बाक वेदीकडे इतके वळवलेत की समोरासमोर कुणीच येत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा फक्की, पुन्हा खुर्च्या. या वेळी सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या काकांनीच हात आधी वर केला.

गायनमंडळाला माळा हवा होता. त्यांना तुम्ही थेट नाही म्हणाला नाहीत. रिकाम्या जुन्या चॅपेलमध्ये नेऊन टाळी वाजवायला लावलीत, मग तीच टाळी रविवारी भरल्या चॅपेलमध्ये. माणसांचे कपडे, माणसांची अंगं आवाज पितात, हे त्यांना कानांनी कळलं. माळ्यावरून गायलं तर गाणं खालच्यांचं राहत नाही, हेही. आता ढोलकी आणि पेटी लोकांच्या बाकांशेजारी आहेत आणि आमच्या चॅपेलमध्ये गायन ऐकायला नव्हे, गायला लोक येतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मधल्या वाटेची रुंदी ठरवताना तुम्ही सहा जवान पोरं बोलावलीत. एक लांब बाकडं घेतलंत, त्यावर रेतीची दोन पोती ठेवलीत आणि त्यांना खांद्यावर घेऊन दारातून आत यायला सांगितलंत. फक्कीच्या रेघांमध्ये. वेदीपुढे थांबायचं, वळायचं आणि बाहेर जायचं. पहिल्या खेपेला वळताना मागच्या दोघांचे पाय रेघेबाहेर गेले. म्हणजे भिंतीत. तुम्ही रेघ नऊ इंच सरकवलीत. दुसऱ्यांदा दाराच्या चौकटीत बाकडं तिरकं झालं. दार रुंदावलंत. तिसऱ्यांदा पोती जराही कलली नाहीत. बघणाऱ्यांपैकी कुणीच बोलत नव्हतं, कारण ते बाकडं कशाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "माणूस चांगलं काम करतोय."

उद्घाटनानंतर दोन वर्षं आई रोज त्या अठरा फुटांवरून काठी टेकत आत गेली. पुढच्या बाजूच्या बाकावर बसायची, जिथून फादरांचे ओठ दिसतात. तिला कमी ऐकू यायचं, पण ओठ दिसले की सगळं कळायचं. तिने त्या बाकावर कापडाची छोटी उशी ठेवली होती, ती आजही तिथेच आहे. कुणी हलवत नाही.

गेल्या उपवासकाळात आई गेली. पावसाचे दिवस नव्हते, तरी पडवी माणसांनी भरून गेली होती. आतल्यांना बाहेरचे दिसत होते आणि बाहेरच्यांना वेदी. मिस्सा संपल्यावर माझ्या भावांनी आणि पुतण्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली. मी मागे चालत होते. वेदीपुढे ते वळले, आणि माझं सगळं लक्ष मागच्या दोघांच्या पायांकडे गेलं. पाय भिंतीला लागले नाहीत. पेटी जरासुद्धा कलली नाही. दारातून बाहेर पडताना कुणालाही मान वाकवावी लागली नाही, थांबावं लागलं नाही, "जरा तिरकी करा" असं ओरडावं लागलं नाही.

सर, तुम्ही तेव्हा दुसऱ्या गावी कुठल्यातरी चॅपेलच्या मैदानात असाल, हातात फक्कीचा डबा घेऊन. तुम्हाला फोन करायचं धाडस झालं नाही, रडू आलं असतं. म्हणून लिहिलं. मनापासून आभार.

तुमची,
समितीची माजी सचिव