पिवळ्या दूर्वा

मेलबर्न, ९ जुलै

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तू इकडचं नक्की काय मिस करतेस?" आणि मी "काही नाही गं, सगळं मिळतं इथे" म्हणत कुकरकडे पळाले. ते खोटं नव्हतं. बाकरवडी मिळते, कोकम मिळतं, फ्रोझन मोदकसुद्धा मिळतात, चवीचं सोड. पण पुण्याच्या पावसात तुझे मोजे चार दिवस वाळत नाहीत हे ऐकून मला चक्क हेवा वाटला, तेव्हाच उत्तर सापडलं.

मला तिकडचे महिने हवे असतात.

कालनिर्णय आणि मी एकाच वर्षीचे, १९७३ चे. चिपळूणच्या घरी ते दाराआड असायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागला की तुझे आजोबा त्यात नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक निघाला की खूश, गाढव निघालं की गप्प. मेलबर्नलाही पाऊस पडतो, पण बाराही महिने आणि थोडा थोडा, हिशेबी बाईने तेल घालावं तसा. इथे वर्षभरात साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. चिपळूणला तेवढा एकट्या जुलैत पडून वर उरतो.

आणि सण. तू सहा वर्षांची होतीस. गणपतीला दूर्वा हव्यात म्हणून आपण दोघी मागच्या अंगणात उकिडव्या बसलो होतो. इथे ज्याला कूच ग्रास म्हणतात ती आपलीच हरळी, हे मला नुकतंच कळलं होतं आणि कोण आनंद झाला होता! पण भाद्रपदात इथला हिवाळा जेमतेम सरलेला असतो आणि हरळी थंडीत झोपते. अख्खं अंगण पेंढ्यासारखं पिवळं. भिंतीची ऊब लागते त्या कडेला हिरव्या काड्या वेचत पाऊण तासात सतरा झाल्या. तू कंटाळून म्हणालीस, "बाप्पाला पिवळ्या नाही का चालत?" उरलेल्या चार पिवळ्याच वाहिल्या.

तुझ्या बोरन्हाणाचा फोटो तू हसून हसून सगळ्यांना दाखवतेस, पण त्या दिवशी मला रडू येत होतं. काळं नेसायचं ते थंडीत ऊब धरतं म्हणून. इथे पारा चाळिशीपार आणि मी चंद्रकळेत! तिळाच्या वड्या ताटात एकमेकींना चिकटलेल्या, बोरांच्या जागी द्राक्षं, आणि तुझ्या गळ्यातला हलवा घामाने विरघळून मानेवर साखरेचे ओघळ. तू ते बोटाने चाटत होतीस. जमलेल्या बायका तिळगूळ घेऊन त्यावर बर्फाचं पाणी पीत होत्या. तिकडे संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणायचं, इथे तो तेव्हा लहान होत असतो.

पाडव्याचं तेच. चैत्रपालवी म्हणायचं आणि खिडकीबाहेर पानगळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरी नाही, आंबे येतात ते नाताळात. दिवाळीत आकाशकंदील लावावा तर रात्री आठपर्यंत उजेड हटत नाही.

बाबाला हे पटत नाही. "सण माणसांचे असतात, हवेचे नसतात," म्हणतो. त्याचं बरोबर असेल. तुझ्यापुरतं तर आहेच; आंबा आणि नाताळ तुला एकत्रच आठवणार, त्यात तुझं काही हरवलेलं नाही. उगाच माझी रुखरुख डोक्यावर घेऊन फिरू नकोस.

आणि मला कायमचं परत यायचंय असंही समजू नकोस. त्याच जुलैत पूरही येतो. २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा इथे लॉकडाऊन होता. आजी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होती आणि मी रात्रभर न लागणारा फोन लावत होते. तू उठून मला पाणी आणून दिलंस, आठवतं? दुसऱ्या दिवशी फोन लागला तर आजी पहिलं काय म्हणाली, "पापडाचे डबे गेले गं." तिच्याकडे जाशील तेव्हा भिंतीवरची पाण्याची खूण दाखव म्हणावं. तिने रंग देताना मुद्दाम ठेवली आहे.

नोव्हेंबरात येताना पेढे, बिया, असलं काही आणू नकोस. माझे मागच्या खेपेचे पेढे विमानतळावरच गेले. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय तेवढं आण. त्यातला चंद्रोदय मुंबईचा, वाहनं तिकडच्या पावसाची, इथे कशाचाच उपयोग नाही हे मला माहीत आहे. खिळा रिकामा आहे.

आणि मोजे फ्रिजच्या मागे टाकून बघ, तिथे ऊब असते. आम्ही शाळेचे कपडे चुलीच्या वैलाशेजारी वाळवायचो. वर्गभर सगळ्यांना धुराचा वास यायचा.

तुझी,
आई