नातवाच्या वहीबद्दल

ठाणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहून पोराला वळण कुठून लागणार?" दिवेलागणीला हात जोडत नाही, एवढ्यावरून थेट निकाल! फोनवर वाद नको, म्हणून लिहितेय.

सहावीच्या बाईंनी यंदा मुलांना एक वही घालायला लावलीय. झोपण्याआधी दिवसभरातल्या बऱ्या वाटलेल्या गोष्टी लिहायच्या. मार्क नाहीत, शुद्धलेखन तपासणं नाही. अमेरिकेत असा प्रयोग झालाय, हे बाईंनीच पालकसभेत सांगितलं. त्याचा अभ्यास 2008 साली छापून आला. सहावी-सातवीची 221 मुलं होती. काहींनी दोन आठवडे रोज आपण कशाकशाबद्दल आभारी आहोत ते लिहिलं, काहींनी दिवसभराच्या कटकटी. आभार लिहिणारी मुलं कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा समाधानी निघाली, शाळाही त्यांना बरी वाटू लागली. मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, आलं नवीन फॅड.

मग एकदा त्यानेच वही दाखवली. 'डब्यात घावन होतं. वॉचमनकाकांनी गटारातून बॉल काढून दिला. आजी फोनवर एकदाच ओरडली.' (हसू नकोस, तसंच लिहिलंय.)

संक्रांतीला तिळाच्या लाडवांचा डबा अर्धा रिकामा. बघते तर साहेब खाली वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये! "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणून वर त्यांच्या पाया पडून आले. तुझ्या पाया पडताना मात्र दहादा सांगावं लागतं, हे मान्य.

बाबा, तुम्ही परिपाठाला ती दहा मूल्यं घ्यायचात. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता… आम्ही परीक्षेपुरती पाठ केली. पण शाळेतल्या शिपाईमामांना तुम्ही कायम 'अहो' म्हणायचात, आणि त्यावर मामांचा चेहरा असा खुलायचा की आम्हालाही बरं वाटायचं. मी आजही रिक्षावाल्याला अरेतुरे करू शकत नाही. ते काही फळ्यावरून आलेलं नाही.

मे महिन्यात त्याला तिकडे पाठवतेय. आई, दिव्यापुढे 'हात जोड' म्हणून मागे लागू नकोस. तू तुझं शुभंकरोती म्हण, तो आपसूक येऊन बसेल. तुझा आवाज त्याला आवडतो, तेही वहीत आहे.

बाबांच्या गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलंय. पोचलं की कळवा.

तुमची,
ताई