गोळी सोडताना

चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. ऑफिसातल्या मीटिंगपुरती म्हणून सुरू झालेली अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या औषधाची गोळी नऊ वर्षे चालली. पेठेतला एक औषधविक्रेता जुनीच चिठ्ठी पाहिल्यासारखं करून पाकीट पुढे सरकवायचा. हे औषध २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे आणि विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी मनाचा हिय्या करून ती एकदम बंद केली. शुद्ध वेडेपणा! तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अशी अचानक बंद केली तर फिटही येऊ शकते, असं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितल्यावर घरच्यांचे चेहरे उतरले. आता दर दोन-चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात. भीती उसळली, तर त्याच मात्रेवर थांबायचं. मूळ आजार परतलाय की गोळी सुटतेय, हे मात्र ओळखता येत नाही. जोडीला समुपदेशकांचा गृहपाठ असतो: दुकानात भाव विचारायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं. पुण्यात हे करून दाखवाच!

विक्रेत्यांनी चिठ्ठीवरची तारीख पाहावी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत गोळी कमी करू पाहणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक वार ठेवावा. लाजेपोटी गप्प असलेल्यांसाठी 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; तिथे चेहरा दाखवावा लागत नाही.

– एक वाचक, पुणे