एका कोयत्याचा हिशेब

चि. सोमनाथ यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या वर्गातल्या त्या पोरीबद्दल तू म्हणालास, "सोळाव्या वर्षी पोटुशी! तिला काही कळत नव्हतं का?" तेव्हा तुझे वडील समोर बसले होते, म्हणून बोलले नाही. आता लिहिते.

कळत होतं की. आठवीपर्यंत वर्गात तुझ्यापुढे तीच असायची. गावातली शाळा तिथं संपली. दिवाळीनंतर आईबाप ऊस तोडायला निघाले. मागे ठेवावी तर घरात एकटी आजी, तीही डोळ्यांनी अधू. सोबत न्यावी तर फडावरची कोपी. तिला दार नाही, आंघोळ पहाटेच्या अंधारात साडीच्या आडोशाला. एक हंगाम नेली. परत आल्यावर तिची आई मला म्हणाली, "ताई, सहा महिने रातीचा डोळा लागला नाही." त्याच उन्हाळ्यात तिनं पोरीचं लग्न आपल्या भावाच्या पोराशी लावून टाकलं, खालच्या आळीला.

भावाचीही गरज होतीच. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता. बायको आली की उचल वाढते. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांमागे ४३-४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सगळ्या राज्याचा आकडा २२ च्या आसपास. हा फरक काय पोरींच्या अकलेचा आहे?

लग्नानंतर मूल कधी, हे पोरीला कोण विचारतं? आशाताई म्हणून मी घरोघर जाते, माझ्या पिशवीत निरोध असतात, गोळ्यांची पाकिटं असतात. सासू म्हणते, पहिलं होऊ द्या, मग बघू. नवरा मला बघून गोठ्यात जातो.

प्रेमात पडून अडकणाऱ्याही असतात, आणि हे तुझ्या वयाचं म्हणून सांगते. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिचा होकार कायदा धरत नाही. दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं. त्या भीतीनं पोरी पाचवा महिना उजाडेपर्यंत लपवतात, आणि मग सोपं काहीच उरत नाही.

आता माझं. त्या लग्नात मी जेवले. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाकडे असतं, हे मीच बायकांच्या बैठकीत सांगते. फोन केला नाही. उद्या त्याच दारात लोहाच्या गोळ्या घेऊन जायचं होतं, असं मनाला सांगितलं. गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी सासूनं वय १९ सांगितलं. खरं लिहिलं असतं तर लग्नाच्या नवऱ्यावरही गुन्हा लागतो. मी १९ लिहिलं. तुझ्याबरोबर पाटी घेऊन बसलेली पोर, आणि मी १९ लिहिलं.

तिचं हिमोग्लोबिन साडेसातच आहे, फार कमी. सातवा महिना लागलाय आणि सोमवारी ऊसतोडीची गाडी निघते. तिचं गरोदरपणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं. तिकडं कळा सुरू झाल्या तर डॉक्टरला खरं वय सांग, असं हळूच म्हणाले. तिनं आधी सासूकडं बघितलं.

पैसे पुढच्या आठवड्यात पाठवते. जेवत जा.

तुझी,
आई