डब्यातल्या पावत्या

पणजी,
रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जमीनदार भाटकाराचा नातू आला होता नारळ घेऊन. शेत अर्धं तुमचं, अर्धं आमचं, प्रकरण मिटवून टाकूया म्हणतो." बाबा, तुमच्या आवाजात सुटका ऐकू आली, म्हणून तेव्हा गप्प बसले. तारखांना तुम्ही किती विटलात ते मला ठाऊक आहे. पण सही करण्याआधी हे वाचा.

चवथीला आले होते तेव्हा तो बिस्किटांचा डबा उघडला होता. सगळ्यात खाली १९५९ची पावती, पोर्तुगीजमध्ये, भाटकाराची ऐटबाज सही. आजोबांना त्यातलं अक्षर कळलं नसणार, तरी जपलीन्. पुढच्या पावत्यांवर खंड कुडवांत, भाताच्या मापात, लिहिलाय. एका वर्षी दोन कुडव कमी आणि शेजारी "बांध फुटला". ही शेती कोणी कसली, हे याहून वेगळं कोण सांगणार?

एक-चौदाच्या, म्हणजे आपल्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आजोबांचंच नाव आहे. कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीनं २० एप्रिलपासून कूळच मालक मानलं गेलं. किंमत ठरवून भरायची आणि दाखला घ्यायचा, एवढंच उरलं होतं. आजोबा म्हणायचे, जमीन आपलीच, कागद कशाला? मग २०१४ला ही प्रकरणं दिवाणी कोर्टात नेली आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली, तेव्हा तुमची झोप उडाली होती. २०१७ला ती परत मामलेदारांकडे आली. न घेतलेल्या त्या एका कागदापायी एवढं सगळं.

नातवानं दिलेल्या मसुद्याचा फोटो आईनं पाठवला. तिसरी ओळ पाहिलीत? "आम्ही सदर जमिनीत कधीही कूळ नव्हतो." नारळ या ओळीसाठी होते, बाबा. कूळ कायद्यानं कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज कशालाही वापरता येत नाही, १९९१चा तसा कायदाच आहे. कूळच नव्हतं म्हटलं की ती अट गेली. मग त्याच्या अर्ध्यात काय उभं राहील ते तुम्हीच सांगा. आणि आपल्या अर्ध्यातलं पाणी कुठून जाईल तेही.

त्या पोराचा मला राग नाही. त्यांचे वारस मडगावपासून लिस्बनपर्यंत पसरलेले, एकेकाला नोटीस पोचेपर्यंत पावसाळा उलटतो. त्यालाही कंटाळा आला असेल. पण बाकीच्यांचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे आहे का, हे कोणी विचारलं? तडजोड करायची तर करूया, माझी ना नाही. मात्र मामलेदारांसमोर, लेखी, आणि ती तिसरी ओळ काढून.

आता जे फोनवर बोलायला जमलं नसतं ते. आजोबांचे वारस तुम्ही एकटे नाही. आपल्या अर्जात दोघी आत्यांची नावं नाहीत. "त्या कुठे मागतात?" असं तुम्ही एकदा म्हणाला होता. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्याही सह्या लागतील. समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवील. वकील राहू दे, धाकटी आत्या अजून लावणीला येते, कंबर धरून चिखलात उभी असते. भाटकारानं आपलं नाव कागदावरून काढायला सांगितलं तर आपल्याला झोंबतं आणि तिचं नाव आपणच लिहिलेलं नाही.

हे दादालाही वाचून दाखवा. त्याला वाटेल, ही स्वतःचं धरूनच लिहितेय. तसंही असेल थोडंसं.

मी शनिवारी पहिल्या बसनं येते. थोरल्या आत्याला फोन केलाय, तीही येतेय. आई, डबा माळ्यावरून खाली काढून ठेव, कडेला वाळवीची माती दिसली होती. पावत्यांना ऊन दाखव, पण पंख्याखाली नको, उडतील.

आणि ते नारळ परत करू नका हं. आत्या येतेय तर पातोळ्या कर.

तुमची,
बाय