वडनेरच्या त्या दोन कारागिरांचे आभार

मे महिन्यात आजारी आईला पांढरकवड्याहून नागपूरला नेताना वडनेरजवळ आमच्या १८ वर्षे जुन्या गाडीचा एसी बंद पडला. ज्या दोन कारागिरांनी तो दुरुस्त केला, त्यांची नावे विचारण्याचेही मला भान राहिले नाही, म्हणून हे जाहीर आभार. यापूर्वी दोनदा गळती न शोधता नुसता गॅस भरून मिळाला होता, आणि त्याला मी दुरुस्ती मानत नाही. या दोघांनी मात्र गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच का लागत नाही येथून सुरुवात केली, नायट्रोजनचा दाब देऊन गळती बुडबुड्यांवरून दिसावी म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि कंडेन्सरपाशी, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीपाशी, कडक होऊन चिरलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) शोधली. ती बदलून, पंपाने नळ्यांतली हवा ओढून (व्हॅक्यूम काढून) मगच गॅस भरला. तोवर कडुलिंबाच्या सावलीत बाज टाकून आईला माठातले पाणी देणाऱ्या शेजारच्या माउलीचाही मी ऋणी आहे.