तांदळाचं पाणी रोज बदलायचं

ती. आई-बाबा, सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबांचं नेटवर्क जातं, म्हणून लिहितेय. दिवाळीला मी येत नाहीये. आणखी एक वर्ष ब्रिस्बेनलाच राहायचं ठरवलंय, सहीही झाली. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

बाबा, तुमच्या साइटवर असायची तशीच परांची मी करते, हाडासाठी. हाडात मोठी फट राहिली की तिथे बसवायची. पेशी तिच्यावर चढून हाड रचतात आणि ती सावकाश विरून जाते. माझी पीसीएल नावाच्या प्लास्टिकची. दोन वर्षं ती मी मिठाने करत होते. प्लास्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, चाळलेलं मीठ मिसळायचं, वाळवायचं, मग पाण्यात ठेवून मीठ काढायचं. पाणी रोज बदलायचं, आई, तू अनारशांच्या तांदळाचं बदलतेस तसं. मिठाच्या जागी जाळी पडते. दिसायला इतकी सुरेख! पण तिच्यावर पेशी सोडून 28 दिवसांनी ब्लेडने मधोमध कापलं, तर कडेला पेशी दाट आणि आत शुकशुकाट. मिठाचे खडे जिथे एकमेकांना टेकलेच नव्हते, तिथली भोकं बंद राहिली होती. आत ना पेशी पोचल्या, ना त्यांचं खाणं. मीठ वाढवून पाहिलं, तर तुकडा बोटांत चुरला. अनारसा हसला म्हण.

आता तेच प्लास्टिक प्रिंटरवर. साठेक अंशांना वितळतं, त्यामुळे सुईतून शेवईसारखं काढता येतं. एक थर उभा, एक आडवा, मध्ये 400 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक फट, आरपार. दाबला तरी टिकतो. फक्त धागा गुळगुळीत, पाणी धरत नाही, पेशींना पाय रोवता येत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्यात धुऊन खरखरीत करतेय. सगळं पहिल्यापासून मोजायचंय. आत्ता सोडून आले तर दोन वर्षं खरोखरच मिठाच्या पाण्यात जातील.

माझी काळजी नको. खोलीत सकाळचं ऊन येतं, इथल्या दुकानात कोकम मिळतं, आमटी तुझ्यासारखी नाही पण होते.

आई, मनगट मोडलं तेव्हा तू विचारलंस, 'तुझं ते हाड मला नाही का गं बसणार?' मी हसले. तुझं साधं मोडलेलं, प्लास्टरमध्ये आपलं आपण जुळणारं, परांची लागतच नव्हती. पण त्या सहा आठवड्यांत तुझी वेणी कोणी घातली, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता ऐका. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, याच महिन्यात, दोघांचाही. माळ्यावरचे डबे खाली. न्हाणीघरातली रबरी चटई अंथरायची असते बाबा, घडी करून कपाटात ठेवायची नसते. आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस; पाकीट संपलं म्हणून बंद नाही.

यंदा अनारसे करूच नका, असं लिहिणार होते. राहवत नाही. तांदूळ बाबांना भिजवू दे. पाणी बदलायची आठवण मी रोज इथून करीन.

तुमची,
मनी